एचटी-२ चे मूळ आराखडे

आमच्या रेडी गावाच्या दोन्ही अंगांना आता विमानतळ आहेत. परुळ्याजवळचा चिपी २०२१ मध्ये सुरू झाला आणि पेडणे तालुक्यातला मोपा २०२३ च्या जानेवारीत. विमानाचा आवाज आला म्हणून आमच्याकडची पोरे आता अंगणात धावत येत नाहीत. पण भारतात आखलेले आणि भारतातच कारखान्यातून एकामागून एक बाहेर पडलेले पहिले इंजिनाचे विमान ज्यांच्या डोक्यातून निघाले, ते गृहस्थ आमच्या शेजारचे होते हे या भागात फार थोड्यांना ठाऊक आहे. सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढावा, आजरा मागे टाकावे, की गडहिंग्लज तालुक्यात हसूरचंपू नावाचे गाव लागते. विष्णू माधव घाटगे यांचा जन्म तिथला, २४ ऑक्टोबर १९०८ चा.

घाटगे जर्मनीत गटिंगेनला गेले आणि लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली १९३६ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पृष्ठभागाला चिकटून वाहणाऱ्या प्रवाहाच्या पातळ थराचे महत्त्व १९०४ मध्ये जगाला दाखवून देणारे ते हे प्रांटल. इकडे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी केली. तिथून १९४१ मध्ये पहिले विमान उडाले ते हार्लो जातीचे, शिकाऊ वैमानिकांसाठीचे. हात आपले होते, आराखडे मात्र अमेरिकन. त्याच सुमाराला घाटगे यांनी सैनिक वाहून नेणारे दहा आसनांचे एक ग्लायडर आखले. १९४२ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला, तेव्हा तिथेही ते शिकवायला होते.

दुसऱ्याच्या आराखड्यावरून विमान जोडणे आणि स्वतःचा आराखडा काढणे यांत केवढे अंतर आहे, ते घाटगे यांनी आखलेले एचटी-२ हे शिकाऊ विमान पाहिल्यावर कळते. या विमानाचे काम १९४८ मध्ये हाती घेतले गेले. ऑगस्ट १९५१ मध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी पहिला नमुना उडवला. त्याला जिप्सी मेजर इंजिन होते. पुढे कारखान्यातून निघालेल्या विमानांना १५५ अश्वशक्तीचे सिरस मेजर बसवले गेले. पंखांचा पसारा १०.७२ मीटर, लांबी ७.५३ मीटर, रिकामे वजन सातशे किलोच्या आसपास. सांगाडा सगळा धातूचा, पंख खालच्या अंगाला, चाके न मिटणारी, तिसरे छोटे चाक शेपटीखाली. शिष्य आणि गुरू एकामागे एक बसत आणि दोघांच्याही हाती विमानाची सूत्रे असत. कापडाने मढवलेल्या, दोन मजली पंखांच्या टायगर मॉथच्या जागी वायुसेनेत हे विमान आले आणि १९८० च्या दशकापर्यंत वैमानिकांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. दीडशेहून अधिक विमाने तयार झाली. १९५९ मध्ये घानाचे हवाई दल उभे राहिले, तेव्हा त्यांच्या शिकवणीसाठीही हीच विमाने गेली.

आता कागदांकडे येतो, कारण माझ्या मते विमानाचे खरे मूळ तिथे आहे. मालवणी किनाऱ्यावरचा जुना सुतार होडी कागदाशिवाय बांधत असे. माप त्याच्या नजरेत आणि हातात असे, आणि तो गेला की पुष्कळसे त्याच्याबरोबर जाई. विमानाला हे परवडत नाही. शिकाऊ मुलगा विमान जमिनीवर आदळवतो, चाकाचा दांडा वाकतो, पंखाचे टोक चेपते. नवा भाग बंगळुरूहून आला की तो न कानसता जागेवर बसला पाहिजे. तो बसतो, कारण प्रत्येक भागाचे वेगळे ड्रॉइंग असते आणि त्यावर मापाबरोबर किती चूक चालेल तेही लिहिलेले असते.

त्या काळच्या ड्रॉइंग ऑफिसची रीत अशी होती. आधी सबंध विमानाचे तीन बाजूंचे चित्र: वरून, बाजूने, समोरून. मग जोडणीची चित्रे, मग एकेक रिब (पंखाची फासळी), स्पार (पंखाचा कणा), कंस, बोल्ट. ड्राफ्ट्समन जाड कागदावर पेन्सिलीने काढी. त्यावर ट्रेसिंग क्लॉथ ताणून ट्रेसर तीच रेघ शाईने गिरवी. हे कापड खळ चढवलेले, पारदर्शक. पाण्याचा एक थेंब पडला की खळ विरघळून तिथे डाग राही. त्या कापडावरून ब्ल्यू प्रिंट निघत आणि त्या कारखान्यात जात. उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत भागाचा क्रमांक, धातू, प्रमाण, कोणी काढले, कोणी गिरवले, कोणी तपासले, कोणी मंजूर केले, अशा सह्या असत. वरच्या बाजूला बदलांची यादी. पहिल्या उड्डाणानंतर एखादी पट्टी जाड करावी लागली, तर त्या यादीत एक अक्षर आणि एक तारीख वाढे. म्हणूनच जुनी रेखाटने वाचताना मी सर्वांत आधी ती यादी पाहतो. विमान आखणाऱ्याला नंतर काय उमगले, ते तिथे लिहिलेले असते.

पंख आणि धड यांची वळणे मात्र छोट्या कागदावर भागत नाहीत. ती पूर्ण आकारात, रंगवलेल्या धातूच्या पत्र्यावर किंवा सपाट लाकडी फळ्यांवर कोरली जात. कारण साधे आहे: कागद हवेतल्या ओलीने ताणला जातो आणि उन्हाळ्यात आक्रसतो. कोकणात राहणाऱ्याला हे वेगळे समजावायला नको, आमच्या घरातले सातबाऱ्याचे कागद आषाढात कसे होतात ते आम्ही पाहतोच. म्हणून अशा रेखाटनांवर ठळक सूचना असे, की पट्टी लावून माप घेऊ नका, लिहिलेला आकडाच खरा.

शिकाऊ विमानाच्या आराखड्यात आणखी एक कठीण परीक्षा असते. वेग फार कमी झाला की विमान गिरक्या घेत खाली येऊ शकते. लढाऊ विमानाचा वैमानिक तयार झालेला असतो. इथे बसलेला मुलगा पहिल्यांदाच घाबरतो. त्याने शिकवल्याप्रमाणे पाय आणि हात हलवले की विमान सरळ झालेच पाहिजे. हे बऱ्याच अंशी शेपटीकडच्या रचनेवर ठरते. आडव्या पंखाने उभ्या सुकाणूची हवा अडवली, तर सुकाणू निकामी होते. ड्रॉइंगमधली ती काही इंचांची रेघ एखाद्या आईच्या मुलाला घरी आणत असते. प्रांटल यांचे गणित आणि बंगळुरातल्या ड्राफ्ट्समनची पेन्सिल इथे भेटतात, आणि घाटगे यांचे मोठेपण मला या भेटीत दिसते.

विमानाचा विषय निघाला की मराठी घरात शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव येतेच. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी विमान उडवले, असे सांगितले जाते. त्यांच्या धडपडीबद्दल मला आदर आहे. पण मापासकट, भाग जोडून पाहता येईल असे त्या यंत्राचे रेखाटन आपल्यापुढे नाही. त्यांच्या गोष्टीशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातली चित्रे १९२३ मध्ये बंगळुरात काढली गेली. १९७४ मध्ये त्याच शहरातल्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पाच अभ्यासकांनी ती तपासली आणि त्यांतले एकही यंत्र उडणारे नाही, असा निष्कर्ष दिला. घाटगे यांच्या विमानाचे तसे नाही. त्याचा आराखडा हजारो तास आकाशात तपासला गेला आहे. अभिमान धरायचा तर तो इथे धरावा.

घाटगे पुढे थांबले नाहीत. फ्लाइंग क्लबांसाठीचे पुष्पक १९५८ मध्ये उडाले, नंतर कृषक आणि १९६४ मध्ये किरण हे जेट विमान. त्यांना १९६५ मध्ये पद्मश्री मिळाली. १९९१ मध्ये ते गेले. त्याच हिंदुस्थान कंपनीच्या, म्हणजे आजच्या एचएएलच्या, बंगळुरूतल्या संग्रहालयात एचटी-२ पाहता येते. पण उभे विमान पाहणे आणि ते का तसे आहे हे जाणणे यांच्या मध्ये ड्रॉइंगचा ढीग असतो. टायगर मॉथची कागदपत्रे ब्रिटनमध्ये आजही सांभाळली जातात आणि जुनी विमाने उडती ठेवणाऱ्यांना त्यांचा उपयोग होतो. आपल्या वायुसेनेचे टायगर मॉथही ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन आले आणि २०१२ मध्ये वायुसेना दिनाला उडाले. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे जुन्या विमानांच्या रेखाटनांचा मोठा साठा अभ्यासकांसाठी आहे. एचटी-२ चाही जो संच हाती असेल, तो अंकीय रूपात आणून अभियांत्रिकीच्या मुलांपुढे ठेवला जावा. सिंधुदुर्ग आणि कोल्हापूरच्या महाविद्यालयांनी तो मागावा.

एक विनंती घरोघरच्या वाचकांना. बंगळुरात, ओझरला किंवा कानपूरला विमान कारखान्यात नोकरी केलेले कुणी तुमच्या घरात असेल, तर माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंका एकदा उघडून पाहा. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघा असलेली गुंडाळी दिसली तर ती उन्हात वाळवू नका, उजेडाने निळा रंग उडतो. साबण, सोडा, चुना यांपासून दूर ठेवा, क्षाराने तो पुसला जातो. पांढऱ्यावर गडद रेघांची अमोनिया प्रिंट असेल तर ती वेगळी ठेवा, कारण तिच्या वाफेने शेजारच्या कागदावर डाग पडतात. ट्रेसिंगचे कापड ओल्या फडक्याने पुसू नका. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. वाळवी आणि कसर टाळण्यासाठी जमिनीपासून उंच, वारा खेळेल अशा कोरड्या जागी ठेवा. फोटो काढताना कोपऱ्यातली चौकट आणि बदलांची यादी सुटू देऊ नका. संरक्षण खात्याचा शिक्का असेल तर आधी संबंधित कार्यालयाला विचारा. आणि काहीही झाले तरी ती गुंडाळी रद्दीवाल्याला देऊ नका.