पानातली नळयोजना

पिंपळाचं पान पाण्यात कुजवून त्याची जाळी करण्याचा उद्योग शाळेत अनेकांनी केलेला असतो. ती जाळी म्हणजे पानाची नळयोजनाच. शिरांमधल्या जलवाहिन्या मुळांकडून आलेलं पाणी पेशींपर्यंत पोचवतात, रसवाहिन्या तयार साखर बाहेर नेतात. पान ताठ ठेवण्यातही शिरांचा मोठा वाटा.

खरी गंमत बारीक शिरांत आहे. त्या जितक्या दाट, तितकं पाणी पर्णरंध्रांच्या जवळ पोचतं. मग रंध्रं उघडी ठेवणं परवडतं, कार्बन डायऑक्साइड भरपूर मिळतो आणि अन्न झपाट्यानं तयार होतं. सपुष्प वनस्पती नेच्यांना मागे टाकतात त्या बऱ्याच अंशी याच बळावर. ऊस, ज्वारी, मक्यात तर दोन शिरांमध्ये मोजक्याच पेशी असतात.

जाळीचा आणखी एक फायदा: अळीनं एखादी शीर कुरतडली तरी पाणी वळसा घालून पुढे जातं. गिंकोच्या शिरा दुभंगत जातात, सहसा पुन्हा जुळत नाहीत. तिथे ही सोय नाही. केळीचं पान वाऱ्यानं समांतर शिरांमधून चिरतं, पण प्रत्येक पट्टी मधल्या दांड्याला धरून असते आणि अन्न बनवत राहते. तेव्हा नुसतं फाटलंय म्हणून हिरवं पान कापायची घाई करू नका.