दार उघडा, पोंचे तयार आहे!

गेल्या डिसेंबरमध्ये मी पुण्यात सात रूम बघितल्या. सातही ठिकाणी नकार. कुणाला बाहेरगावची एकटी मुलगी नको होती, कुणाला 'प्रेसमध्ये काम, म्हणजे रात्री उशिरा येणार' हे पटत नव्हतं. एका काकूंनी तर जाळीच्या दारातूनच हात हलवला. शिकायला घर सोडून आलेल्या कुणालाच हे नवीन नाही. पण त्याच महिन्यात आमच्या स्पॅनिशच्या क्लासमध्ये जे झालं, ते माझ्यासाठी नवीन होतं.

आमच्या मॅडम काही वर्षं मेक्सिकोत राहून आल्यात. सुट्टी लागायच्या आधीच्या शेवटच्या लेक्चरला त्यांनी वर्गाचे दोन गट केले. अर्धे आत, अर्धे बाहेर पॅसेजमध्ये, हातात मेणबत्त्या. बाहेरच्यांनी गात गात आसरा मागायचा, आतल्यांनी गाण्यातूनच नाही म्हणायचं. मी बाहेरच्या गटात होते. तिसऱ्यांदा नकार आला तेव्हा सगळे खिदळत होते आणि माझा मात्र घसा दाटून आला. मग दार उघडलं. आत एका मोठ्या पातेल्यातून वाफ येत होती, दालचिनीचा वास सुटला होता. मॅडमनी हातात गरम कप दिला. तो माझा पहिला पोंचे!

नऊ संध्याकाळी आणि एक पातेलं

मेक्सिकोत १६ ते २४ डिसेंबर अशा नऊ संध्याकाळी 'पोसादा' साजऱ्या होतात. पोसादा म्हणजे सराई, मुक्कामाची जागा. बेथलेहेममध्ये मेरी आणि जोसेफ यांना रात्रीपुरतीही जागा मिळेना, त्या शोधाची ही आठवण. ही प्रथा सोळाव्या शतकाच्या अखेरीस मेक्सिको सिटीजवळच्या अकोल्मान इथल्या मठातून सुरू झाली असं मानतात. गल्लीतली मंडळी गात गात दारोदार फिरतात, ठरल्याप्रमाणे नकार घेतात आणि शेवटी एक दार उघडतं. मग पिन्याता फोडायची. रंगीत कागदाने सजवलेली, आत गोळ्या आणि फळं भरलेली, उंच टांगलेली. आपल्याला दहीहंडी आठवल्याशिवाय राहत नाही. आणि थंडीतून आत आलेल्या प्रत्येकाच्या हातात पोंचे. पूर्ण नाव 'पोंचे नाविदेन्यो', म्हणजे नाताळचा पोंचे.

आता यात काय काय पडतं ते बघा. ऊस, पेरू, चिंच, दालचिनी, लवंग, सफरचंद, मनुका. गोडीला 'पिलोन्सियो', म्हणजे चक्क शंकूच्या आकाराचा गूळ. रंगाला 'हामाइका', म्हणजे आपल्या लाल अंबाडीची बोंडं. आणि 'तेहोकोते' नावाचं बोराएवढं पिवळं-केशरी फळ. तेवढं एकच आपल्याला अनोळखी.

'पोंचे' हा शब्द इंग्रजी 'पंच'वरून आला, आणि 'पंच' आपल्या 'पाच'वरून आला असं मानलं जातं. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला असे ते पाच जिन्नस. पेरू मूळचा अमेरिका खंडातला, तो पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला. ऊस, दालचिनी, लवंग आपल्या बाजूने तिकडे गेले, सफरचंद युरोपातून. थोडक्यात, पातेल्यातली बहुतेक मंडळी बाहेरगावची. तरी कुणालाही रूम नाकारलेली नाही!

आमची ट्रायल

यंदा मला फ्लॅट मिळालाय. आम्ही तिघी राहतो. २४ तारखेला माझी सुट्टी नाही, दोघींच्या परीक्षा आहेत, म्हणजे घरी कुणीच जाणार नाही. मग ठरलं, पोसादा करायची. गेल्या रविवारी ट्रायल घेतली.

पहिली अडचण, आमच्याकडचं सगळ्यात मोठं भांडं म्हणजे तीन लिटरचा कुकर. समोरच्या फ्लॅटमध्ये एमपीएससीची तयारी करणारी चार मुलं राहतात. पाच महिन्यांत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. बेल वाजवली. "मोठं पातेलं आहे का?" एकाने काही न विचारता आणून दिलं.

दुसरी अडचण, पेरू. मी सगळी फळं एकदम टाकली. अर्ध्या तासात पेरूचा लगदा झाला आणि प्रत्येक घोटात बिया! शेवटी चहाच्या गाळणीने गाळलं. दुसऱ्या वेळी मात्र जमलं. ते असं.

साहित्य (८ ते १० जणांसाठी): ३ लिटर पाणी, पाव किलो गूळ, दालचिनीचे २ मोठे तुकडे, ५-६ लवंगा, उसाचे ८-१० करवे, अंबाडीची सुकी लाल बोंडं एक मूठ, लिंबाएवढी चिंच, २ सफरचंदं, ५-६ लहान कडक पेरू, मनुका एक मूठ. तेहोकोतेऐवजी १५-२० बोरं. बोरं हा आमचा जुगाड, पण आंबटगोडपणा छान येतो.

कृती: चिंच गरम पाण्यात भिजवून कोळ काढून ठेवा. पाण्यात दालचिनी, लवंग आणि करवे घालून १५ मिनिटं उकळा. अंबाडीची बोंडं स्वच्छ कापडात बांधून सोडा, १० मिनिटांनी पुरचुंडी काढून घ्या. पाणी मस्त लाल होतं. मग गूळ आणि चिंचेचा कोळ. गूळ विरघळला की सफरचंदाच्या फोडी, बोरं, मनुका घालून मंद आचेवर २० मिनिटं ठेवा. पेरूच्या फोडी अगदी शेवटच्या १० मिनिटांत. चव बघा. गूळ कमी-जास्त असतो आणि अंबाडी आंबट, त्यामुळे प्रमाण जिभेने ठरवायचं.

करवे सोलून कापायला रसवंतीवाल्या दादांना सांगा. "रस नको? नुसते करवे?" असं ते दोनदा विचारतील. तिकडे मोठी माणसं आपापल्या कपात रम घालतात, पण पोंचे त्याशिवायही पूर्ण असतो. गाळू मात्र नका. कपात फळं हवीतच. आधी प्यायचं, मग चमच्याने फळं खायची आणि शेवटी करवा चघळत गप्पा मारायच्या. गप्पा लांबतात त्या करव्यामुळेच.

आमच्याही लांबल्या. पातेलं मोकळं परत कसं द्यायचं म्हणून त्या चौघांनाच बोलावलं होतं. त्यातला एक दोन दिवाळ्या घरी गेलेला नाही. 'पोस्ट निघाली की जाईन,' म्हणाला आणि दुसरा कप मागून घेतला. खाली वॉचमन काकांना स्टीलच्या ग्लासात नेऊन दिलं. त्यांनी एक घोट घेतला, करवा तोंडात धरला आणि विचारलं, "हा कुठला काढा?"

२४ तारखेला तुमच्या हॉस्टेलच्या मजल्यावर, समोरच्या फ्लॅटमध्ये कुणीतरी घरी न गेलेलं असेलच. पातेलं मागायच्या निमित्ताने का होईना, बेल वाजवा. आणि आपलंही दार जरा उघडं ठेवा.