पिवळा हेडलाइट: घासावा की बदलावा?

हेडलाइटची पुढची काच ही खरं तर काच नसतेच. ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक असतं. कारखान्यात त्यावर चढवलेला कडक थर उन्हातल्या अतिनील किरणांनी झिजतो, मग खालचं प्लॅस्टिक पिवळं, धुरकट होत जातं. अमेरिकेतील ‘ट्रिपल ए’ या वाहनचालक संघटनेच्या २०१८ सालच्या चाचणीत अशा दिव्यांचा उजेड नव्याच्या जेमतेम २२ टक्के भरला; घासून पॉलिश केल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांवर गेला.

घासायचं ते पाणी मारत, वॉटर पेपरने: आधी ८०० किंवा १००० नंबर, मग २०००, शेवटी ३०००. त्यावर रबिंग कंपाउंड. खरी मेख पुढेच आहे. अतिनीलरोधक क्लिअर कोट मारला नाही, तर काही महिन्यांत पुन्हा तेच. टूथपेस्टचा लाडका घरगुती उपाय म्हणूनच फसवा. चकाकी येते, संरक्षण नाही.

पिवळेपणा आतल्या बाजूने असेल, आत पाणी धरत असेल, तडा गेला असेल किंवा रिफ्लेक्टरची चकाकी उडाली असेल, तर घासण्यात अर्थ नाही. दिवे बदला, शक्यतो जोडीने. बसवल्यावर झोताची उंची मात्र तपासून घ्या. समोरच्याचे डोळे दिपवणारे दिवे रस्त्यावर आधीच पुष्कळ आहेत.