विश्लेषण : फरशीचा कटर लाकडावर का उलटतो? एकाच शेडमध्ये अनेकांनी तो वापरताना काय पाहावे?

शहापूर, मुरबाड परिसरातल्या सुतारांच्या शेडमध्ये हातकरवत आता बहुतेक वेळ खुंटीवरच असते. चौकटी, पलंग, देव्हारे, जुन्या घरांतून निघालेले वासे, सगळ्याला विजेचा हातकटर लागतो. पण या कामासाठी वापरला जाणारा कटर अनेकदा लाकडासाठी बनवलेला नसतो आणि तो एकाच्या हाती राहत नाही. शेडमधले तीन-चार जण तोच उचलतात. या दोन गोष्टी एकत्र आल्या, की बोटांवर बेतते.

लाकडाचा कटर वेगळा असतो का?

हो. लाकडाच्या यंत्राला सर्क्युलर सॉ म्हणतात. त्याच्या पात्याखाली स्प्रिंगचे गार्ड असते. फळी कापताना ते मागे सरकते आणि यंत्र उचलले की आपोआप पाते झाकते. चार इंची मार्बल कटर फरशी, ग्रॅनाइट कापण्यासाठी असतो. त्याला फक्त वरचे, स्थिर झाकण. खालून पाते कायम उघडे. तो स्वस्त आणि हलका, बाजारात लाकडाचे दातेरी पातेही त्याच्या मापात मिळते, म्हणून तोच सर्रास चालतो. काही जण तर तेच पाते अँगल ग्राइंडरला लावतात. त्याला फळीवर टेकायला तळपट्टीही नसते. ग्राइंडर आणि मार्बल कटर या दोन्हींच्या माहितीपत्रकांत दातेरी पाते लावू नका, अशी स्पष्ट सूचना असते. ती बारीक इंग्रजीत असते आणि खोक्याबरोबर जाते.

वेगाचा हिशेब केला तर या सूचनेचे कारण कळते. ११० मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला १२ हजार फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर होतो. हिऱ्याचे गुळगुळीत चाक या वेगाने दगड घासते. दातेरी पाते मात्र गाठीत किंवा जुन्या वाशातल्या खिळ्यात अडकते.

मग झटका नेमका कशामुळे?

फळी दोन स्टुलांवर ठेवून मधोमध कापली, की ती स्वतःच्या वजनाने मधे वाकते. काप मिटतो आणि पाते चिमटीत सापडते. लाकूड जड, पाते अडलेले आणि मोटर फिरतेच आहे. अशा वेळी यंत्रच कापातून वर उसळून कारागिराकडे येते. हे इतक्या क्षणात होते, की बटण सोडायला सवड मिळत नाही. ओले लाकूड आणि बोथट पाते यांनी ही शक्यता वाढते.

उपाय साधा आहे. आधार कापाच्या अगदी जवळ द्यायचा आणि तुटणारा तुकडा खाली पडायला मोकळा ठेवायचा. पाते फळीखाली पाव इंचापेक्षा जास्त काढायचे नाही. कापाच्या सरळ रेषेत न उभे राहता थोडे बाजूला राहायचे. सर्वांत मोठी गफलत म्हणजे एका हाताने फळी धरून दुसऱ्याने कटर चालवणे. कटर हलका असल्याने ही सवय लागते. फळी शिकंज्यात आवळली तर दोन्ही हात यंत्रावर राहतात. गमछा, सैल बाह्या, सुती हातमोजे फिरत्या पात्याजवळ नकोतच. चष्मा आणि भुशासाठी मास्क मात्र हवा. लाकडाचा भुसा कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवले आहे.

यंत्र सामायिक असेल तर?

स्वतःच्या यंत्राची खोड माहीत असते. दुसऱ्याने ठेवलेल्या यंत्राची नसते. कुणी गार्ड तारेने मागे बांधलेले असते, कुणी पाते बदलून नट अर्धाच आवळलेला असतो, कुणी बटण लॉक करून प्लग काढलेला असतो. यातली शेवटची गोष्ट सर्वांत वाईट, कारण पुढच्याने प्लग लावताच कटर जमिनीवर नाचू लागतो. म्हणून उचलणाऱ्याने आधी बटण, मग गार्ड, मग पाते पाहावे आणि नंतरच प्लग लावावा. पाते बदलायचा पाना यंत्राला न बांधता केबलच्या प्लगच्या टोकाला दोरीने बांधला, तर तो हाती घ्यायला प्लग काढावाच लागतो. दोन रुपयांच्या दोरीत होणारे हे काम आहे.

ग्रामीण भागात वीज जाण्याचे वेगळे संकट आहे. कापता कापता वीज गेली, लॉक न काढता कटर बाकावर ठेवला आणि चहाला गेले, तर वीज परतल्यावर तो एकटाच सुरू होतो. वीज गेली की प्लग काढलाच पाहिजे. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर काम असेल, तर बोर्डावर ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी हवे. नुसते एमसीबी माणसाला शॉकपासून वाचवत नाही, ते तारेला जास्त भारापासून वाचवते.

योग्य यंत्र महाग पडते, ही तक्रार खरी आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. तीत अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर आणि काही दिवसांचे प्रशिक्षण मिळते.

बोट तुटलेच तर?

जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरावे, हात उंच ठेवावा आणि १०८ ला फोन करावा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवले तर पेशी गोठून मरतात. बोट जोडण्याची शस्त्रक्रिया तालुक्याच्या रुग्णालयाच्या आवाक्यातली नसते. त्यासाठी केईएम किंवा शीवसारखे प्लॅस्टिक सर्जरी विभाग असलेले मोठे रुग्णालय गाठावे लागते. नीट थंड ठेवलेले बोट उबेत राहिलेल्या बोटापेक्षा कितीतरी तास जास्त टिकते. मुरबाडहून कल्याणमार्गे किंवा शहापूरहून नाशिक महामार्गाने मुंबईला पोहोचेपर्यंत हेच तास उपयोगी पडतात.