पथ्याच्या धाकाने खंगू नका

पोटाचे दुखणे म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘खाण्यात काय आले?’ आणि पहिला सल्ला असतो, ‘हे बंद करा, ते बंद करा आणि पडून राहा.’ दोन दिवसांच्या जुलाबाला हा सल्ला चालून जातो. पण काही आजार दोन दिवसांचे नसतात, वर्षानुवर्षांचे असतात. तिथेही हाच सल्ला पाळत राहिले, तर माणूस आजारापेक्षा पथ्यानेच जास्त खंगतो. असे रुग्ण माझ्या दवाखान्यात अधूनमधून येतात. वरणाचे पाणी, मऊ भात आणि चहा-बिस्किटे यांवर सहा-सहा महिने काढलेले असतात. वजन दहा-बारा किलोंनी उतरलेले असते, जिना चढताना धाप लागते, नोकरी सुटण्याच्या बेतात असते. घरची माणसे मात्र अभिमानाने सांगतात, ‘डॉक्टर, पथ्य अगदी कडक आहे हो!’

आतड्याच्या जुनाट दाहाच्या रुग्णांनी काय खावे आणि किती हिंडावे-फिरावे, याची माहिती आज घेऊ.

आजार कोणते?

या गटात मुख्यतः दोन आजार येतात. पहिला अल्सरेटिव्ह कोलायटिस. यात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येऊन जखमा होतात. रक्त आणि आव पडते, पोटात मुरडा येतो, दिवसातून आठ-दहा वेळा संडासला धावावे लागते. दुसरा क्रोन्स डिसीज. डॉ. बरिल क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून हे नाव. तो पचनमार्गात कुठेही होऊ शकतो, पण बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात होतो. यात आतड्याची भिंत आरपार सुजते, पोट दुखते, वजन घटते आणि कधी कधी आतडे अरुंद होते.

दोन्हींमध्ये शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते. हे आजार संसर्गजन्य नाहीत. तिखट खाल्ल्याने ते जडत नाहीत. पूर्वी हे पाश्चात्त्यांचे आजार समजले जात. परंतु पंजाबात लुधियाना येथे झालेल्या पाहणीत, जी २००३ साली प्रसिद्ध झाली, दर लाख लोकांमागे सुमारे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला. वसई-विरार शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १२ लाखांवर होती. तोच हिशेब इथे लावला तर पाचशेहून अधिक रुग्ण होतात. हा नुसता अंदाज आहे, पण आजार आपल्या दारात आहे एवढे त्यावरून समजावे.

आधी निदान, मग पथ्य

शौचावाटे रक्त पडले की मूळव्याध, आव पडली की अमिबा, असे घरीच ठरवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मग औषधाच्या दुकानातून मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणायच्या, आठ दिवस घ्यायच्या आणि पुन्हा रक्त दिसले की पुन्हा त्याच आणायच्या. यात वर्ष-वर्ष जाते. रक्त किंवा जुलाब तीन-चार आठवडे टिकले, तर शौचाची तपासणी, रक्ताची तपासणी आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतडे पाहणे, टाळू नये.

आपल्या देशात आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स डिसीज हे दुर्बिणीतूनही सारखेच दिसू शकतात. क्षय असताना स्टेरॉइड दिले तर तो भडकतो. म्हणून आतड्याचा तुकडा काढून तपासावा लागतो. क्षय निघाल्यास सरकारी केंद्रात त्याचे औषध मोफत मिळते. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात आणि परळच्या केईएम रुग्णालयात पोटविकारांचे स्वतंत्र विभाग आहेत. आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तिथे जावे.

आजाराचे दोन ऋतू

आपल्या अर्नाळ्याला किंवा पाचूबंदरला पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. दर्या खवळलेला असतो, तेव्हा तेच शहाणपण असते. पण पाऊस ओसरला की त्याच होड्या पुन्हा समुद्रात जातात. या आजाराचेही तसेच आहे. तो मधूनमधून उचल खातो आणि औषधाने शांत होतो. उचल खाल्ली असताना आतड्याला सांभाळून घ्यावे. शांत असताना मात्र चारचौघांसारखे खावे, हिंडावे, कामाला जावे. आमचे बरेच रुग्ण बाराही महिने होडी किनाऱ्यावरच ठेवतात, ही खरी अडचण आहे.

आजार उसळलेला असताना

या काळात कच्ची कोशिंबीर, सालीसकट कडधान्ये, तळलेले पदार्थ, फार तिखट आणि दारू टाळावी. मऊ भात, पेज, मुगाच्या डाळीची खिचडी, उकडलेला बटाटा, शिजवलेला दुधी किंवा लाल भोपळा, पिकलेले केळे हे पदार्थ सोसतात. दोन मोठ्या जेवणांऐवजी थोडे थोडे पाच-सहा वेळा खावे.

पण नुसत्या पेजेवर राहू नये. दाह असताना शरीराला प्रथिने जास्त लागतात, दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम. म्हणजे ५० किलोच्या माणसाला रोज ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात आणि १०० ग्रॅम रावस किंवा सुरमईत १८ ते २०. ताज्या बोंबलात पाणी फार असते, त्यामुळे तेवढ्याच वजनात प्रथिने कमी मिळतात. मासे तळण्याऐवजी वाफवून किंवा सौम्य कालवणात घ्यावेत. शाकाहारी माणसाने घट्ट वरण, पनीर, दही यांवर भर द्यावा. दूध अनेकांना पचत नाही, पण त्यांना दही-ताक बहुधा चालते. वरणाचे वरचे पाणी रुग्णाला आणि खालचे घट्ट वरण घरच्यांना, ही वाटणी उलटी करावी.

जुलाबांतून पाणी आणि क्षार जातात. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालून ते दिवसभरात घोट घोट प्यावे. चमचा चहाचा, म्हणजे ५ मिलिलिटरचा असावा. पिण्याचे पाणी नळाचे असो, विहिरीचे असो की टँकरचे, या रुग्णांसाठी ते उकळूनच घ्यावे. साध्या जंतुसंसर्गानेही त्यांचा आजार उचल खाऊ शकतो.

आजार शांत असताना

आता पोळी, भात, भाजी, वरण, मासे, फळे असे घरचे पूर्ण ताट घ्यावे. बंद केलेला पदार्थ एकेक करून सुरू करावा. तीन दिवस तो थोडा थोडा खावा, त्रास झाला तर वहीत लिहावे, नाही झाला तर पुढचा पदार्थ घ्यावा. दीड-दोन महिन्यांत आपली यादी आपल्याला कळते. ती शेजाऱ्याच्या यादीहून वेगळी असते. ज्यांना काहीच बाधत नाही, त्यांनी आपली सुकेळीही खुशाल खावीत. क्रोन्समुळे ज्यांचे आतडे अरुंद झाले आहे, त्यांनी मात्र साली, बिया, मका, सुके खोबरे यांबाबत डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

रक्त जाऊन पंडुरोग होतो, म्हणजे हिमोग्लोबिन घसरते. पालेभाजी खाऊन ते सगळे भरून येत नाही. लोह, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून कमी असेल ते औषधाने भरून काढावे.

उपवासाचा प्रश्न नेहमी निघतो. श्रावण असो, नवरात्र असो की ख्रिस्ती बांधवांचा उपासकाळ, आजार उसळलेला असताना उपवास करू नये. आजाऱ्याला सगळ्याच धर्मांत सूट आहे. शांत काळात करायचाच तर डॉक्टरांशी बोलून करावा आणि तुपात परतलेल्या, शेंगदाण्याच्या साबुदाणा खिचडीऐवजी दही, फळे, राजगिरा यांवर करावा.

लोकलचे भय

आपल्या भागातल्या रुग्णाचा सर्वात मोठा त्रास पोटात नसतो, तो प्रवासात असतो. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर आणि लोकलच्या डब्यात संडास नाही. मग माणूस सकाळपासून काही खातच नाही. नालासोपाऱ्याहून अंधेरीला नोकरीला जाणारी एक तरुणी सकाळचा चहाही न घेता निघायची आणि पहिला घास रात्री आठला घ्यायची. आजार बऱ्यापैकी शांत होता, पण वजन ३९ किलोंवर आले होते.

अन्न पोटात गेले की मोठे आतडे हलू लागते, ही शरीराची रीत आहे आणि सकाळी ती जास्त जोरात असते. तिचा उपयोग करून घ्यावा. गाडीच्या दीड-दोन तास आधी उठून थोडे खावे, म्हणजे शौच घरीच होते. मग डबा सोबत घेऊन निघावे. वाटेतल्या कोणत्या स्थानकावर संडास कुठे आहे ते एकदा पाहून ठेवावे. पिशवीत कपड्यांचा एक जोड ठेवावा. तो बहुधा लागत नाही, पण धीर देतो. कामाच्या ठिकाणी निदान एका सहकाऱ्याला आजाराची कल्पना द्यावी.

अनावर घाई होत असेल, तर ते दाह शिल्लक असल्याचे लक्षण असू शकते. कोलायटिसमध्ये सूज पुष्कळदा गुदाशयात, अगदी खालच्या टोकाला उरते. तिथे मेसालामाइनची गुदद्वारातून ठेवायची गोळी किंवा औषधी एनिमा चांगला गुण देतो. लोक लाजेने हे डॉक्टरांना सांगत नाहीत आणि त्याऐवजी उपाशी राहतात. त्या तरुणीला याच उपचाराने आणि सकाळच्या खाण्याने उतार पडला. आठ महिन्यांत वजन ४६ किलोंवर आले.

हिंडणे-फिरणे

‘आतड्याला जखमा आहेत, मग व्यायाम कसा करायचा?’ असे रुग्ण विचारतात. चालण्याने जखमा वाढत नाहीत. पडून राहिल्याने मात्र स्नायू झिजतात, आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांची हाडे आधीच ठिसूळ होत असतात. इंग्लंडचे नौकानयनपटू स्टीव्ह रेडग्रेव्ह यांना १९९२ साली अल्सरेटिव्ह कोलायटिसचे निदान झाले. त्यानंतरही ते वल्ही मारत राहिले आणि २००० सालापर्यंत सलग पाच ऑलिंपिकमध्ये त्यांनी सुवर्णपदके मिळवली. आपल्याला ऑलिंपिकला जायचे नाही. सुरुची बागेपर्यंत किंवा वसई किल्ल्यात फेरी मारता आली तरी पुरे.

सुरुवात दहा मिनिटांनी करावी, दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत आणि आठवड्याला दीडशे मिनिटांपर्यंत जावे. पावसाळ्यात घरातच चालावे, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस करावी. दिल्लीच्या एम्समध्ये या रुग्णांवर योगासने आणि प्राणायामाचा अभ्यास झाला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांची चिंता कमी झाल्याचे दिसले. मात्र योगासने औषधाच्या जोडीला आहेत, औषधाच्या जागी नाहीत. ताप, रक्तस्राव किंवा हिमोग्लोबिन फार कमी असताना व्यायाम थांबवावा. पोटाचे ऑपरेशन झालेल्यांनी वजन उचलण्यापूर्वी सर्जनला विचारावे.

बरे वाटले तरी औषध चालू

जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना याच कोलायटिसचा त्रास होता. २००७ साली त्यांनी पद सोडले. पुढे नव्या औषधाने आजार आटोक्यात आला, २०१२ साली ते पुन्हा पंतप्रधान झाले आणि जवळजवळ आठ वर्षे त्यांनी देश चालवला. २०२० साली आजाराने पुन्हा उचल खाल्ली, तेव्हा ते पायउतार झाले. आजार दबून राहतो, मुळातून जात नाही, आणि दबलेला असताना माणूस मोठी कामे करू शकतो, हे दोन्ही यातून दिसते. म्हणून रक्त थांबले की गोळ्या बंद, असे करू नये. स्टेरॉइड तर कधीही एकदम सोडू नये, ते टप्प्याटप्प्यानेच कमी करतात. अंगदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेऊ नयेत, त्यांनी आजार चाळवू शकतो. आजाराला आठ वर्षे झाली की कर्करोगाची चाहूल घेण्यासाठी दुर्बिणीची तपासणी ठरलेल्या मुदतीने करून घ्यावी.

ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी १९५५ साली गंभीर उसळीची एक खूण सांगितली. ती आजही वापरतात. दिवसाला सहा किंवा अधिक वेळा रक्ताचे जुलाब आणि जोडीला १०० अंशांच्या वर ताप किंवा मिनिटाला ९० च्या वर नाडी असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. पोट फुगून वायू सरेनासा झाला आणि उलट्या होऊ लागल्या, तरीही तसेच करावे.

घरच्या मंडळींनी रुग्णाच्या ताटातून काय काढले हे मोजण्याऐवजी दर महिन्याच्या एक तारखेला त्याचे वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावे. वजन दोन महिने सलग उतरत असेल, तर पथ्य आणखी कडक न करता कॅलेंडर घेऊन डॉक्टरांकडे यावे.