नजर वळण्याआधी
समोर कोपऱ्यात दिवा चमकला की साधारण पाव सेकंदात डोळे तिकडे वळतात. हा हुकूम मध्यमेंदूतल्या ‘सुपीरिअर कॉलिक्युलस’कडून सुटतो. एरवी मध्यमेंदूतल्याच ‘सबस्टॅन्शिया नायग्रा’ या भागातल्या पेशी अखंड संदेश पाठवून त्याला रोखून धरतात. ओकिहिदे हिकोसाका आणि रॉबर्ट वुर्ट्झ यांनी १९८३ मध्ये माकडांवरील प्रयोगांतून दाखवलं, की नजर हलण्याआधी या पेशी क्षणभर गप्प होतात. कृती सुरू होते ती अटकाव उठल्यामुळे, हे मला सर्वांत विलक्षण वाटतं! पुढे औषध टोचून त्यांनी हा अटकाव काढला, तेव्हा माकडांना नजर आवरेना. पार्किन्सन्समध्ये उलट घडतं: डोपामीन घटतं, अटकाव वाढतो, पाऊल उचलणं जड जातं. तरीही जमिनीवर आखलेल्या आडव्या पट्ट्या दिसल्या, की अनेक रुग्णांना चालणं सोपं होतं.