अंगावरचे दूध आणि आईची खात्री

बाळंतपणानंतरच्या पहिल्या दीड महिन्यात आईचा धीर सुटतो तो बहुतेक वेळा एकाच शंकेने: बाळाला दूध पुरतंय का? बाटलीतले दूध दिसते, अंगावरचे मोजता येत नाही. पहिले दोन-तीन दिवस पिवळसर चीक येतो, तोही थोडाच. याच दिवसांत बाळाचे वजन साधारण सात टक्क्यांपर्यंत घटते, आणि पुढे सहाव्या आठवड्याच्या सुमारास रडणे सर्वांत वाढते. हे सगळे स्वाभाविक असते. पण घरातले कोणीतरी ‘हिला दूधच नाही’ म्हणून मोकळे होते आणि वरचे दूध सुरू होते. मग बाळ अंगावर कमी चोखते. चोखणे कमी झाले की दूधही कमी तयार होते, आणि बोललेले खरे ठरते.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये स्व-क्षमतेवरील विश्वासाची मांडणी केली. ‘हे अमुक काम मला जमेल’ ही खात्री त्यांच्या मते चार वाटांनी येते: स्वतः करून जमणे, आपल्यासारख्या कोणाला जमताना पाहणे, इतरांनी दिलेला धीर आणि शरीरा-मनाची त्या वेळची अवस्था. पैकी पहिली वाट सर्वांत भक्कम. सिंडी-ली डेनिस यांनी १९९० च्या दशकात हाच विचार स्तनपानाला लावून आईची खात्री मोजण्याची प्रश्नावली तयार केली.

आपल्याकडची बाळंतिणीची सेवा चौथी वाट चांगली सांभाळते. शेक, मालिश, अळिवाचे लाडू आणि माहेरची विश्रांती यांचा तोच उपयोग. पहिली वाट मात्र मायेपोटीच अडते. बाळ रडले की आजी उचलून घेते, नर्स स्वतःच्या हाताने बाळाला छातीशी लावते. बाळ शांत होते, पण ते आईला जमलेले नसते. नर्सने बाहुलीवर दाखवावे आणि बाळाला आईनेच धरावे, मदत एवढीच बरी.

नुसत्या ‘काळजी करू नकोस’पेक्षा आईला स्वतः तपासता येतील अशा खुणा जास्त उपयोगी. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणे, पाचव्या-सहाव्या दिवसापासून सहा किंवा अधिक वेळा लघवी, दोन आठवड्यांच्या आसपास जन्मवजन भरून निघणे. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर आशा कार्यकर्ती तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी येते. वजनकाट्यावरचा आकडा तिने आईलाच वाचायला लावला, तर त्या भेटीचे मोल वाढते.

प्रत्येक शंका मात्र आत्मविश्वासाच्या खात्यात टाकता येत नाही. वजन दहा टक्क्यांहून जास्त घटले, बाळ मलूल पडले, पिईनासे झाले किंवा लघवी कमी झाली, तर लगेच डॉक्टरांकडे न्यावे. आईची उदासी दोन आठवड्यांनंतरही ओसरली नाही, तर ते प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते. त्यावर धीराच्या शब्दांबरोबर उपचारही लागतात.